भाग बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या संगणकांविषयीचा लेख वाचला. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चढत नाही, तेव्हा आठ-दहा वर्षांचा घरचा संगणक 'सतत बिघडत असेल तर' त्यावर पैसे न घालता नवा घ्यावा, असा लेखाचा सूर आहे. लेख चांगल्या हेतूने लिहिला आहे यात शंका नाही. पण 'सतत बिघडत असेल तर' या शब्दांपाशी मी अडले. असा सतत बिघडणारा संगणक मी दीड वर्ष सांभाळला, आणि बिघाड बहुतेक वेळा संगणकाच्या वयात नव्हताच हे मला फार उशिरा कळले. पत्र लांबले आहे. शक्य झाल्यास न कापता छापावे.

मी लांजा तालुक्यातल्या एका वाडीत राहते. १९९९ पासून मराठी टायपिंग आणि डीटीपीचे काम करते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, जत्रेच्या आणि लग्नाच्या पत्रिका हे नेहमीचे, पण माझे मुख्य काम कुलवृत्तांतांचे. सहाशे-सातशे पानांचा ग्रंथ, पानोपानी वंशाच्या शाखा, आणि छपाईला जाईपर्यंत पुण्याहून, बडोद्याहून, अमेरिकेहून येत राहणाऱ्या दुरुस्त्या. हे सगळे माझ्याकडे पेजमेकर ७ मध्ये, श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. श्री-लिपीला यूएसबीचे लॉक लावावे लागते. या फायली युनिकोडमध्ये फिरवता येतात, मी फिरवून पाहिल्या आहेत. पण कुठे ना कुठे रफार सरकतो, जोडाक्षर फुटते, आणि मग सातशे पाने पुन्हा डोळ्यांखालून घालावी लागतात. माणसांची नावे आहेत ती. एक वेलांटी चुकली तरी त्या घराला दुखते.

म्हणून २०१२ च्या दिवाळीत रत्नागिरीहून जोडून आणलेला संगणक अजून माझ्या कामात आहे. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, विंडोज ७. त्याला इंटरनेट जोडलेले नाही, मेल वगैरे लॅपटॉपवर होते. विंडोज ११ ला आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ते या यंत्राला कधीच जमणार नाही, आणि माझ्या कामाला त्याची गरजही नाही.

२०२२ च्या मे महिन्यात हा संगणक काम करता करता फट्‌कन बंद पडून आपोआप सुरू होऊ लागला. कधी आठवड्यातून एकदा, कधी एका सकाळी तीनदा. पावसाळ्यात त्यात भर पडली: बटण दाबले की पंखा फिरे, पडद्यावर काही नाही, नुसता टी-टी आवाज. तालुक्याच्या दुकानात नेला. रॅम बदलली, १,६०० रुपये. सप्टेंबरात एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारी पेटी) जळाला म्हणून बदलला, ८५०. फेब्रुवारीत पुन्हा एसएमपीएस, १,१००. मधल्या चार फेऱ्यांत 'सर्व्हिसिंग' प्रत्येकी ३००. रिक्षाचे भाडे आणि बुडालेले दिवस मी धरलेले नाहीत. २०२३ च्या जूनमध्ये सांगण्यात आले की मदरबोर्ड गेला, आता या मॉडेलचा बोर्ड मिळत नाही, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळेच नवे घ्या, साडेअकरा हजार.

ज्या माणसाने हे सांगितले त्याने या सगळ्या काळात एकदाही व्होल्टेज मोजायचा मीटर लावला नव्हता. भाग काढायचा, दुसरा लावायचा, दुकानात पाच मिनिटे चालला की 'झाला' म्हणायचे. दुकानात तो खरेच चालायचा, तासन्‌तास. घरी आणला की दोन दिवसांत पुन्हा तेच. दुकानात चालतो आणि घरी चालत नाही, यातच उत्तर होते. पण ते ना त्यांना दिसले ना मला.

साडेअकरा हजार लगेच नव्हते, म्हणून मी एक वही घातली. तारीख, वेळ, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी बंद पडला, तेव्हा मी काय करत होते, घरात आणखी काय चालू होते, ऊन की पाऊस, असे रकाने. जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंत २३ नोंदी झाल्या. पहिल्या आठ-दहा नोंदींत काहीच दिसेना. मग एका दुपारी सगळ्या वेळा ओळीने वाचल्या तेव्हा लक्षात आले की बहुतेक नोंदी सकाळी साडेसहा ते साडेसात आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराच्या आहेत. या आमच्याकडे विहिरीवरचा पंप लावायच्या वेळा. 'घरात काय चालू होते' या रकान्यात २३ पैकी १७ ठिकाणी पंप किंवा मिक्सर लिहिलेला होता, मीच लिहिलेला.

माझे धाकटे दीर मुंबईत एका इस्पितळात वायरमन आहेत. त्या वर्षी १९ सप्टेंबरला गणपती होते, ते दोन दिवस आधी आले. मी वही दाखवली. त्यांनी ती उभ्या-उभ्या वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का?"

येत होत्या. अनवाणी असले की जास्तच. वर्षभर येत होत्या आणि मी समजत होते की जुने यंत्र झाले की असे होते.

त्यांनी मीटर काढला. फेज-न्यूट्रल २२६ व्होल्ट, म्हणजे ठीक. कॅबिनेटचा पत्रा आणि न्यूट्रल यांच्यात १०८. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथे गोंगाट गाळण्यासाठी दोन बारीक कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी किंचित वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर जाणार कुठे? सगळा पत्रा घरच्या व्होल्टेजच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. मुंग्यांची वीज थोडी असते, तिने माणूस मरत नाही. पण मुंग्या येतात याचा अर्थ असा की उद्या आतली फेजची वायर पत्र्याला टेकली तर फ्यूज उडणार नाही, आणि वीज जाईल ती अंगातून. शिवाय आपण विश्वासाने लावलेला स्पाईक-बस्टर विजेचा जो झटका जमिनीत सोडणार, त्याची तीही वाट बंद असते.

पण आमच्याकडे अर्थिंग होते. घर बांधले तेव्हाच केलेले. भावोजी वायरच्या मागे मागे परसात गेले. अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाईपला आवळलेली होती, जशी आमच्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत असते. २०२२ च्या मार्चमध्ये वाडीत नवी पाईपलाईन झाली तेव्हा ती लोखंडी पाईप काढून प्लास्टिकची टाकली, आणि उरलेल्या हातभर तुकड्याला आमची तार तशीच गुंडाळलेली राहिली. मार्चमध्ये पाईप बदलली आणि मेमध्ये संगणक बिघडू लागला. ही जोडी वहीतसुद्धा नव्हती, कारण पाईपचा संगणकाशी संबंध असेल असे मला कधी सुचलेच नसते. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या गावात अलीकडे नव्या पाईप पडल्या आहेत त्यांनी आजच आपल्या अर्थिंगची तार कुठे जाते ते जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावे, संगणक असो वा नसो. या पत्रातली एवढीच ओळ छापली तरी मला चालेल.

दुसरी गोष्ट संगणकाच्या सॉकेटमागे सापडली. न्यूट्रलचा स्क्रू सैल होता, वायरचे टोक काळवंडले होते, प्लास्टिक किंचित वितळले होते. पंपाला वीज याच फांदीवरून, याच जोडातून पुढे गेलेली. पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. सैल जोडावर ठिणगी पडते, पलीकडचे व्होल्टेज कोसळते. डोळ्यांना फक्त दिवा लवल्यासारखा दिसतो. पण संगणकाचा एसएमपीएस वीज तुटल्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरेल अशा बेताने बनवलेला असतो, आणि ५० हर्ट्‌झच्या विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. म्हणजे एक फेरा जरी गळला तरी संगणक बंद. स्वस्तातला एसएमपीएस तेवढाही टिकत नाही. माझ्याकडे यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मेली म्हणून मी तो कधीचा काढून ठेवला होता.

मग त्यांनी फेब्रुवारीत बसवलेला एसएमपीएस तपासला. १२ व्होल्टची तार काम चालू असताना ११.१ दाखवत होती. ती ११.४ ते १२.६ च्या मध्ये असली पाहिजे, वर-खाली पाच टक्के एवढीच मुभा. सात महिन्यांत बसला होता तो. झाकणाच्या जाळीतून बॅटरी मारून दाखवले तेव्हा आतले दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसले, पोळीचा पापुद्रा सुटावा तसे. (झाकण उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर भार काही काळ राहतो. भावोजींसारखा माणूसही ते उघडायच्या भानगडीत पडला नाही.) मदरबोर्ड गेल्याचा निकाल ज्यावर दिला गेला, ते हे ११.१ व्होल्ट होते.

विसर्जनानंतर दोन गड्यांनी दोन दिवस जांभा फोडून मोरीच्या सांडपाण्याशेजारी अर्थिंगचा खड्डा केला. जीआय पाईप, कोळसा, मीठ, नवी तार, मजुरी धरून ३,९०० रुपये. सॉकेट बदलले. पंपाची लाईन वेगळी केली. चांगल्या प्रतीचा एसएमपीएस मागवला, २,४०० रुपये. हातात घेतल्यावरच फरक कळत होता, आधीच्यापेक्षा दुप्पट जड. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये आता १.६ व्होल्ट येतात. एप्रिल-मेमध्ये जांभा ठणठणीत वाळतो आणि हा आकडा वर सरकतो, म्हणून उन्हाळ्यात मी आठवड्याला दोन कळश्या पाणी त्या खड्ड्यात ओतते. त्या गणपतीपासून आजपर्यंत संगणक एकदाही आपोआप बंद पडलेला नाही. 'गेलेला' बोर्ड तोच आहे.

टी-टी आवाजाचे कारण वेगळे निघाले, पण तेही रॅम खराब असण्याचे नव्हते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की पापड डब्यातून काढताच सादळतात, मग रॅमच्या दातांवर आणि खाचेत मळ का बसणार नाही? रॅम काढून दातांवर पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवायचे, कोरड्या ब्रशने खाच झाडायची, रॅम दोन्ही टोकांच्या खिट्ट्या लागेपर्यंत दाबून बसवायची. इतकेच. नव्या रॅमलाही पुढच्या पावसाळ्यात तोच आजार झाला तेव्हा हे करून पाहिले, आणि नंतर रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवला: एकही चूक नाही. मग १,६०० रुपये घेऊन बदललेली जुनी रॅम खराब होती कशावरून? ती मला परत मिळालेली नाही, त्यामुळे तपासताही येत नाही. आता पावसाळ्यात काम नसले तरी रोज तासभर संगणक चालू ठेवते. स्वतःच्या उबेनेच तो कोरडा राहतो.

तापण्याची तक्रार थोडक्यात सांगते. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या चार खिळ्यांपैकी एक वर आला होता आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. पेस्ट बदलली, खिळा दाबला, ८९ अंशांवरून ४७.

घड्याळाच्या गोष्टीने मात्र माझे खरे नुकसान झाले. विजा चमकू लागल्या की आम्ही सगळे प्लग काढून ठेवतो. प्लग काढला की बोर्डावरचे घड्याळ फक्त त्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलवर चालते. २०२४ च्या वळवात तो सेल संपला आणि संगणक दर सकाळी जुन्या तारखेवर जाऊ लागला. इंटरनेट नाही, त्यामुळे तारीख आपोआप सुधारायचा प्रश्नच नव्हता. मी दुर्लक्ष केले. एका कुलवृत्तांताच्या तिसऱ्या शाखेच्या दुरुस्त्या मी दोन दिवस बसून केल्या, आणि फायलींवरच्या उलटसुलट तारखा पाहून नवी फाईल जुनी समजून पुसली. तीन पिढ्यांच्या दुरुस्त्या गेल्या. त्यांतल्या काही एका नव्वदीच्या आजींनी फोनवर सांगितलेल्या होत्या, आणि पुन्हा विचारायला फोन केला तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या. चाळीस रुपयांचा सेल. मीटरवर ३ व्होल्टच्या जागी २.५ दिसत होते. महिनाभर आधी पाहिले असते तर?

सगळेच भाग निर्दोष होते असे मी म्हणत नाही. हार्ड डिस्क खरोखरच म्हातारी झाली होती. पण तिथेही आधी आकडे पाहिले. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रामने डिस्क स्वतःविषयी काय सांगते ते वाचता येते. सुरुवातीला फक्त सीआरसीच्या, म्हणजे माहितीची ने-आण होतानाच्या, चुका वाढत होत्या. त्या बहुधा केबलच्या असतात, आणि साटा केबल बदलल्यावर थांबल्या. पुढच्या वर्षी 'रिअलोकेटेड सेक्टर' (डिस्कने खराब म्हणून बाजूला काढलेले कप्पे) ८ वरून ४० आणि तिथून १३६ वर गेले. तेव्हा मात्र एक दिवसही थांबले नाही. सगळे एसएसडीवर उतरवून घेतले आणि एक प्रत मुलीकडे पुण्याला ठेवली. असा भाग बदलायला माझी कधीच ना नव्हती.

दुकानदारांवर सगळा दोष टाकून मला मोकळे व्हायचे नाही. आपण गिऱ्हाईकही असे, की भागाचे दीड हजार देतो पण 'नुसते बघायचे' दोनशे मागितले तर तोंड वाकडे करतो. तपासणीला कोणी पैसे देत नाही म्हणून तपासणी होत नाही, आणि भागांवर सुटतात म्हणून भाग बदलले जातात. तपासणीचे पैसे वेगळे द्यायला मी आता तयार असते आणि तसे आधीच सांगते. बदल्यात दोन गोष्टी मागते. काय मोजले आणि किती आले ते बिलावर लिहून द्या. काढलेला भाग मला परत द्या. नवीन दुकानातल्या तरुण मुलाला पहिल्यांदा हे विचित्र वाटले. आता तो स्वतःच '१२ व्होल्ट: ११.९, सेल: ३.०' असे बिलाच्या पाठीमागे लिहितो.

ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचे पोर्टल सुरू केले, शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्यासाठी. ते हवेच होते. पण माझ्यासारख्यांचा जोडून घेतलेला संगणक कोणा एका कंपनीचा नसतो. त्याच्या दुरुस्तीचा हक्क तालुक्याच्या दुकानातल्या त्या बिलावरच ठरतो. आणि टाकून द्यायचे म्हटले तरी कुठे? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, उत्पादकांवर जबाबदारी आहे. माझे दोन फुगलेले एसएमपीएस आणि जुनी डिस्क मात्र माळ्यावर पोत्यात आहेत, कारण भंगारवाल्याला दिले की तांब्यासाठी तारा नदीकाठी जाळल्या जातात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या दैनिकाने आमच्या जिल्ह्यात हा कचरा नेमका कोणत्या जागी, कोणत्या दिवशी घेतला जातो याची माहिती मिळवून पत्त्यासह छापावी, ही विनंती. आणि पुढच्या वेळी जुन्या संगणकांवर लेख येईल तेव्हा 'नवा घ्या' च्या आधी 'सॉकेटमधले अर्थिंग तपासा' एवढे जरूर घालावे. माझ्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. रकाने हाताने आखलेले आहेत, पण वाचता येतील. जागा असल्यास तेही छापावे.

आपली,
एक वाचक
ता. लांजा, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती)